‘मेघे ढाका तारा’ : कानांनी पाहावयाचा चित्रपट

एका बिऱ्हाडाचा जिना उतरून एक तरुणी खाली येत आहे. ज्याचे शिक्षण पुरे व्हावे म्हणून तिने स्वतःच्या गरजा वर्षानुवर्षे मागे सारल्या, त्या पुरुषाच्या घरी आत दुसरी कोणी स्त्री असल्याचे तिला नुकतेच उमगले आहे. तिने आक्रोश केलेला नाही, कोणास दूषण दिलेले नाही. गळ्याशी हात नेऊन ती केवळ एकेक पायरी उतरत आहे. आणि नेमक्या त्याच वेळी प्रेक्षकाच्या कानावर आसूड कडाडल्याचा आवाज येतो. पडद्यावर कोणाच्याही हाती आसूड नाही, कथेत कोठेही आसुडाचा उल्लेख नाही, आणि तरीही तो आवाज ऐकल्यानंतर त्या तरुणीच्या पाठीवरचा वळ आपण प्रत्यक्ष पाहिला अशी प्रेक्षकाची खात्री पटते. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ या 1960 साली प्रदर्शित झालेल्या बंगाली चित्रपटातील हा प्रसंग आहे. या चित्रपटाचे मर्म डोळ्यांइतकेच, किंबहुना डोळ्यांहून अधिक, कानांच्या वाटेने गवसते, आणि म्हणूनच तो घरी बसून पाहणाऱ्याने त्याची कोणती प्रत मिळवावी या प्रश्नास एरवीपेक्षा अधिक महत्त्व आहे, असे प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

बंगाली चित्रपट म्हटला की मराठी रसिकाच्या मनात प्रथम सत्यजित राय यांचे नाव उभे राहते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु रायांच्या समकालीनांत ज्यांची प्रतिभा तितकीच स्वयंभू होती आणि ज्यांच्या वाट्यास हयातीत कीर्तीपेक्षा उपेक्षाच अधिक आली, त्या घटकांशी आपला परिचय त्या मानाने तुटपुंजा राहिला आहे. 4 नोव्हेंबर 1925 रोजी ढाक्यात त्यांचा जन्म झाला. पूर्व बंगालच्या नद्यांच्या मुलखात त्यांची जडणघडण झाली, आणि 1947 च्या फाळणीने तो मुलूख त्यांना परका केला. ‘इप्टा’ या नावाने विख्यात असलेल्या लोकनाट्य चळवळीत नट, लेखक आणि दिग्दर्शक म्हणून त्यांनी उमेदवारी केली. 1952 साली पूर्ण झालेला ‘नागरिक’ हा त्यांचा पहिला चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये, लोकांसमोर आला, या एका हकीकतीवरून त्यांच्या नशिबाची कल्पना यावी. मधल्या काळात पोटापाण्यासाठी ते मुंबईच्या चित्रपटव्यवसायातही वावरले. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ची कथा घटकांची आहे, हे तो चित्रपट आवडीने पाहणाऱ्या अनेकांस आजही ठाऊक नसते. त्यांच्या महत्त्वाच्या चित्रपटांपैकी तिकिटबारीवर यश मिळाले ते मात्र एकट्या ‘मेघे ढाका तारा’ला. त्यानंतरच्या ‘कोमल गांधार’च्या अपयशाने ते पुन्हा विवंचनेत सापडले, आणि 6 फेब्रुवारी 1976 रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शक्तिपद राजगुरू यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. कलकत्त्याच्या सीमेवर निर्वासितांच्या एका वसाहतीत, बांबूच्या तट्ट्यांच्या घरात, एका वृद्ध शिक्षकाचे कुटुंब राहते. थोरला मुलगा शंकर गवयी होण्याचे स्वप्न बाळगून दिवसभर रियाज करतो आणि मिळवीत काही नाही. धाकटी गीता नटण्यामुरडण्यात मग्न. धाकटा मंटू खेळात दंग. या सर्वांचा भार नीता नावाच्या मधल्या मुलीवर आहे. शिकवण्या करून ती पैसे आणते आणि ते हाती येताच एकेकाच्या मागणीवर वाटून टाकते. वडिलांना अपघात होतो, तेव्हा ती स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरते. मंटू कारखान्यात जायबंदी होतो. सनत, ज्याच्याशी तिचा विवाह होईल असे तिने मानले होते, तो गीतेशी विवाह करतो. शेवटी क्षयाने ग्रासलेली नीता, शंकरच्या नव्या वैभवाने सावरू लागलेल्या त्या घरातून पावसाळी रात्री बाहेर पडते, आणि शिलाँगच्या डोंगरांतील आरोग्यधामात तिचे अखेरचे दिवस जातात. सुप्रिया चौधुरी यांनी नीतेची, अनिल चॅटर्जी यांनी शंकरची, आणि ‘नबान्न’ या बंगालच्या दुष्काळावरील युगप्रवर्तक नाटकाचे कर्ते बिजन भट्टाचार्य यांनी वडिलांची भूमिका केली आहे.

हे कथानक नुसते वाचणाऱ्यास अश्रूंचा सोपा सौदा वाटण्याचा संभव आहे. एका सोशिक मुलीवर एकामागून एक आघात व्हावेत, तिच्या त्यागाचे कोणास मोल वाटू नये आणि अंती तिने क्षयाने मरावे, ही मांडणी कोणत्याही कौटुंबिक नाटकात शोभून जाईल. घटकांना या आरोपाची जाणीव होती आणि त्याची क्षिती नव्हती. भावनेचा उद्रेक हा आपल्या लोकपरंपरेतील, जत्रेतील आणि नाट्यातील, एक जिवंत प्रकार आहे आणि तो टाकून देण्याऐवजी त्याच्याकडून काम करवून घ्यावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी ते काम करवून घेतले ध्वनीकडून. पडद्यावरील माणसे जेव्हा रडतात तेव्हा त्यांच्या अश्रूंवर विसंबून न राहता, त्या दुःखाची कारणमीमांसा सांगणारा एक आवाज ते चित्राला जोडतात. त्यामुळे आपली करुणा नीतेपाशी थांबत नाही, तिला या स्थितीस आणणाऱ्या व्यवस्थेपर्यंत ती पोहोचते.

याची उदाहरणे चित्रपटात जागोजाग आहेत. आरंभीच्या दृश्यात एका विशाल वृक्षाखालून नीता चालत येते. नदीकाठी शंकर आपल्या तानेत हरवलेला असतो, आणि पलीकडून धडधडत गेलेल्या आगगाडीचा गोंगाट त्याच्या सुरांवर चाल करून येतो. साधना आणि रोजची रेटारेटी यांचा जो झगडा पुढे दोन तास चालणार आहे, तो एकही संवाद न उच्चारता येथे मांडून झाला आहे. पुढे नीता आणि सनत बोलत असता आई स्वयंपाकघरातून ऐकते. मुलीचे लग्न झाले तर घरात येणारी मिळकत बंद होईल ही भीती ती बोलून दाखवीत नाही, दाखवू शकतही नाही. परंतु तिचा चेहरा पडद्यावर येताच चुलीवरची खदखद नैसर्गिक मर्यादेपलीकडे वाढत जाते. ही आई दुष्ट नाही. दारिद्र्याने तिच्या मायेचा हिशोब करून ठेवला आहे, आणि त्या हिशोबाची आच आपण कानांनी अनुभवतो. रवींद्रनाथांच्या वादळी रात्रीवरील गीताचा प्रसंग तर जगातील चित्रपटांच्या इतिहासात अढळ स्थान मिळवून बसला आहे. गीतेच्या लग्नात म्हणावयास म्हणून नीता शंकरकडून ते गीत शिकते. अंधाऱ्या घरात तट्ट्यांच्या फटींतून प्रकाशाचे तुकडे पडलेले आहेत, देवव्रत विश्वास आणि गीता घटक यांचे स्वर एकमेकांत मिसळत आहेत, आणि गाणे संपतासंपता तोच पूर्वीचा आसूड पुन्हा कडाडू लागतो व नीता कोसळून रडू लागते. जिन्यावरचा घाव येथे उघडा पडतो, आणि तो कोणी सांगण्याची गरज राहत नाही.

संगीताच्या बाबतीत मराठी रसिकास या चित्रपटाशी जवळीक वाटावी असे एक विशेष कारण आहे. चित्रपटाचे संगीतकार ज्योतिरिंद्र मैत्र यांनी शंकरच्या कंठासाठी मद्रासकडून येऊन कलकत्त्यास स्थायिक झालेले गायक ए. टी. कानन यांचा आवाज योजला, आणि त्याच्या गायनात हंसध्वनी रागाला मानाचे स्थान दिले. हा मूळचा कर्नाटक संगीतातील राग हिंदुस्थानी मैफिलीत रुजविण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने दिले जाते ते उस्ताद अमान अली खाँ मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे, आणि चित्रपटात कानन यांनी गाइलेली बंदिशही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कथेतील शंकरही नाव मिळविण्यासाठी मुंबईचीच वाट धरतो आणि तेथून यशस्वी गवयी होऊन परततो. म्हणजे कथेच्या ओघात आणि स्वरांच्या वंशावळीतही या बंगाली चित्रपटाचा एक धागा आपल्या मुंबईशी बांधलेला आहे.

दुसरा धागा पुराणकथेचा. बंगालमध्ये दुर्गा ही दैत्यसंहारिणी तर खरीच, पण ती त्याहून अधिक माहेरी आलेली लेक आहे. आपल्याकडे भाद्रपदात गौर जशी माहेरवाशीण म्हणून येते आणि तिची पाठवणी करताना बायांचा कंठ दाटतो, तशी शरदात उमा हिमालयाहून आईकडे येते आणि विजयादशमीस परत निघते. तिच्या येण्याजाण्याची असंख्य गाणी बंगालच्या घराघरांत म्हटली जातात. नीतेचा जन्म जगद्धात्री पूजेच्या दिवशीचा असल्याचे चित्रपटात सांगितले आहे, आणि घर सोडण्याच्या तिच्या प्रसंगी पार्श्वभूमीस उमेचे गीत येते. फरक इतकाच, की उमेला आई अश्रूंनी निरोप देते आणि येथे वृद्ध बापच, घर आता मजल्यांची स्वप्ने पाहू लागले आहे असे सांगून, मुलीला निघून जावयास सुचवितो. सर्वांची धात्री असलेल्या स्त्रीला देवी म्हणून पूजायचे आणि मनुष्य म्हणून झिजवायचे, या आपल्या समाजाच्या जुन्या वहिवाटीवर इतके भेदक भाष्य क्वचितच झाले असेल. नीतेच्या आजाराची वार्ता कळल्यावर तोच बाप बोट उगारून फिर्यादीच्या आवेशात आरोपाचा उच्चार करतो. पण आरोप कोणावर, असे विचारताच त्याचा हात खाली येतो, कारण आरोपी म्हणून उभे करता येईल असा एकही इसम त्या घरात नाही.

अखेरचा प्रसंग शिलाँगचा. भेटीस आलेला शंकर घरची खुशाली सांगत असता, गीतेच्या लहानग्याच्या खोड्यांचे वर्णन करीत असता, आयुष्यभर स्वतःसाठी काही न मागितलेली नीता एकाएकी जगण्याची मागणी करते. मला जगायचे आहे, असा तिचा टाहो फुटतो, आणि कॅमेरा सभोवतालच्या पर्वतरांगांवरून फिरत राहतो. तिचा चेहरा दिसेनासा झाल्यावरही तिचा आवाज त्या डोंगरांतून घुमत राहतो. ज्या डोंगरांत जाण्याची इच्छा तिने लहानपणच्या एका छायाचित्रासारखी जपली होती, तेच डोंगर तिच्या हाकेला केवळ प्रतिध्वनीने उत्तर देतात. हा प्रसंग चित्रातून काढून केवळ ध्वनी म्हणून ऐकला तरी अंगावर काटा येतो. उलट ध्वनी काढून नुसते चित्र पाहिले तर डोंगरांची सुंदर दृश्ये तेवढी उरतील.

आता घरी पाहण्याच्या प्रतींकडे वळू. वरील सर्व गुण ज्या मुद्रित ध्वनीवर अवलंबून आहेत, त्याची प्रकृती नाजूक असते. त्या काळच्या चित्रपटाच्या प्रतीवर चित्रांच्या कडेने ध्वनीची एक अरुंद पट्टी छापलेली असे. प्रक्षेपणयंत्रातील प्रकाश तीतून पार होताना कमीजास्त होई आणि त्यावरून ध्वनी निर्माण होई. त्या पट्टीवर उठलेला ओरखडा किंवा बसलेली धूळ म्हणजे प्रत्येक वेळी एक खरखर, एक टचका. शेकडो खेळांतून झिजलेल्या प्रतीवरून व्हिडिओ कॅसेट काढली, त्या कॅसेटवरून पुढे स्वस्त व्हीसीडी वा डीव्हीडी बनविली, की ही खरखर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. मग ती दडपण्यासाठी ध्वनीचे वरचे सूर छाटले जातात, आणि त्या छाटणीत खरखरीबरोबर तीक्ष्ण व क्षणिक आवाजही बोथट होतात. आसुडाचा कडाका हा नेमका असाच तीक्ष्ण व क्षणिक आवाज आहे. वाईट प्रत पाहणाऱ्यास तो प्रतीतील दोष वाटण्याचाही संभव आहे. ज्या आवाजावर दिग्दर्शकाने प्रसंगाचा अर्थ सोपविला तो आवाज प्रेक्षकाने यंत्राच्या खात्यावर टाकावा, याहून मोठी हानी कोणती? चित्राचेही तसेच. छायाचित्रकार दिनेन गुप्त यांनी फटींतून झिरपणाऱ्या प्रकाशात घेतलेले चेहरे निकृष्ट प्रतीत काळ्या डागांत बुडून जातात, आणि निर्मात्यांच्या ठशांनी व जाहिरातींनी उरलेली चौकट व्यापली जाते. भारतात दीर्घकाळ उपलब्ध असलेल्या बऱ्याच बंगाली अभिजात चित्रपटांची हीच अवस्था होती.

या चित्रपटाची निगा प्रथम परदेशात घेतली गेली हे सखेद नमूद केले पाहिजे. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याची डीव्हीडी काढली, आणि बंगालबाहेरच्या अनेक अभ्यासकांची घटकांशी पहिली ओळख अशाच प्रतींतून झाली. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियन कलेक्शन या संस्थेने चित्रपटाचे नव्याने पुनरुज्जीवन करून त्याची ब्ल्यू-रे व डीव्हीडी आवृत्ती प्रसिद्ध केली. चित्र ‘फोर-के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म पातळीवर स्वच्छ करण्यात आले, आणि आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळचा एकमार्गी ध्वनी ब्ल्यू-रेवर कोणतीही दाबादाबी न करता दिला गेला. चार भोंग्यांतून गरगरणारा कृत्रिम ध्वनी बनविण्याचा मोह येथे टाळलेला आहे, आणि तो टाळणे हेच योग्य होते. घटकांनी ध्वनीचे थर एकाच मार्गावर, एकमेकांवर रचले होते, ते वेगळे करून भिंतीभिंतींवर पसरविणे म्हणजे त्यांची रचनाच मोडणे होय.

या आवृत्तीत कुमार शहानी आणि सईद अख्तर मिर्झा या दोन दिग्दर्शकांचा संवाद समाविष्ट आहे, आणि तेथे पुण्याचा संबंध येतो. साठच्या दशकाच्या मध्यास घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, अध्यापक व उपप्राचार्य होते. तो मुक्काम अल्प काळाचा, पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम यांच्यासारखे शिष्य त्यातून घडले. पडद्यावरील आवाज हा चित्राचा चाकर नसून स्वतंत्र बोलणारा भागीदार आहे, ही दृष्टी या शिष्यांच्या चित्रपटांतही ओळखू येते.

पुण्याचे ऋण याहूनही मोठे आहे. घटकांनी 1973 साली बांगलादेशात अद्वैत मल्लबर्मन यांच्या कादंबरीवर ‘तिताश एकटि नदीर नाम’ हा चित्रपट काढला. त्याची मूळ निगेटिव्ह अपुरी होती आणि काही रिळे फार खराब झाली होती. 2010 साली इटलीतील बोलोन्या येथे मार्टिन स्कोर्सेझी यांच्या संस्थेच्या आश्रयाने त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा ऋत्विक मेमोरियल ट्रस्टने दिलेली व पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेली सामग्री हाच त्या कार्याचा पाया ठरला. उणीव भरून काढण्यास जर्मनीच्या संग्रहालयातील प्रतीचे साहाय्य झाले. 2013 मध्ये तो चित्रपटही क्रायटेरियनच्या संचातून घरोघर पोहोचला. एखादी प्रत थंड, कोरड्या कोठारात दशकानुदशके सांभाळून ठेवणाऱ्या दफ्तरदारांचे नाव कोणत्याही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत येत नाही. पण त्यांच्या शिस्तीवाचून या आवृत्त्या निघाल्याच नसत्या.

ज्या वाचकास ‘मेघे ढाका तारा’ची क्रायटेरियनची प्रत मिळवावयाची असेल त्याच्या सोयीसाठी थोडा व्यावहारिक तपशील. अमेरिकेत निघालेल्या ब्ल्यू-रे तेथील विभागासाठी आखलेल्या असतात, आणि भारत दुसऱ्या विभागात मोडतो. तेव्हा सर्व विभागांच्या तबकड्या चालविणारे यंत्र असल्याची आधी खात्री करून घ्यावी, नाहीतर पैसा व्यर्थ जाईल. चित्रपट जुन्या, जवळजवळ चौकोनी आकाराचा आहे. आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्याव्यात, चित्र ताणून पडदा भरू नये. दूरचित्रवाणीच्या स्वतःच्या बारीक भोंग्यांवर समाधान न मानता, शक्य असल्यास एक बऱ्यापैकी ध्वनियंत्र जोडावे किंवा चांगले हेडफोन वापरावेत. आणि पहिल्या वेळी चर्चा, लेख वगैरे बाजूस ठेवून चित्रपट सलग पाहावा. ती सामग्री दुसऱ्या वेळेसाठी आहे, कारण हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिल्यावाचून राहवत नाही.

एका गोष्टीचा आग्रह मात्र धरावासा वाटतो. आपल्याकडील फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांची कलामंडळे आणि तालुक्यांच्या गावची ग्रंथालये यांनी पुस्तकांच्या खरेदीत जसा विवेक राखला तसा चित्रपटांच्या प्रतींतही राखावा; कोठून तरी उतरवून घेतलेली मोडकी प्रत फुकट दाखविण्यापेक्षा एक चांगली तबकडी विकत घ्यावी आणि ती अंधाऱ्या खोलीत, पुरेशा आवाजात, शांतपणे दाखवावी. ‘मेघे ढाका तारा’ हा भारतीय चित्रपटकलेच्या अत्युच्च कृतींपैकी एक आहे, हा निर्णय आता वादाचा राहिलेला नाही. पण त्याची सत्यता दुसऱ्याच्या सांगण्यावरून न मानता वाचकांनी ती स्वतःच्या कानांनी पडताळून पाहावी, एवढीच विनंती.